"सध्या कशाला स्कोप आहे?" हे आकड्यांना विचारायचं कसं

रिझल्टचे दिवस आले किंवा कुठे मोठ्या कपातीची बातमी आली की माझ्याकडे हमखास एकच प्रश्न येतो, "सध्या कशाला स्कोप आहे?" कधी पोराच्या अ‍ॅडमिशनच्या चिंतेत असलेली आई विचारते, कधी पंधरा वर्षं एकाच कामात घालवून अचानक घरी बसायची वेळ आलेला माणूस विचारतो. मला हा प्रश्न कधीच फालतू वाटला नाही, कारण त्याच्या उत्तरावर कोणाची तरी चार-पाच वर्षं आणि घरातली शिल्लक लागणार असते. आणि उत्तर खरंच असतं, बऱ्यापैकी फुकट असतं, बहुतेक देशांत त्यासाठी सरकारी माणसं घरोघर आणि कंपन्यांमध्ये जाऊन माहिती गोळा करतात. फक्त एवढा मोठा प्रश्न टाकला की ती माहिती काहीच बोलत नाही. तिला बारीक करून विचारावं लागतं, म्हणजे नेमकं कोणतं काम, कुठल्या भागात, कुठल्या लेव्हलला, आणि तुम्ही स्वतः तिथे अर्ज घेऊन पोचणार कधी. यातलं शेवटचं जवळजवळ सगळेच विसरतात, त्यावर खाली बरंच बोलणारे.

आधी बेरोजगारीचा दर बाजूला ठेवूया. बातम्यांत सगळ्यात जास्त तोच असतो आणि नोकरी शोधणाऱ्याला सगळ्यात कमी कामाचा पण तोच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या म्हणजे आयएलओच्या व्याख्येप्रमाणे त्या आठवड्यात कमाईसाठी एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरतात, आणि बेरोजगार म्हणायचं तर त्याच्याकडे काम नसलं पाहिजे, त्याने अलीकडे काम शोधलेलं असलं पाहिजे आणि मिळालं तर लगेच जायची तयारी पाहिजे. म्हणजे शोधून शोधून थकून ज्याने शोधणंच सोडलं तो या मोजणीतून बाहेर जातो आणि दर खाली येतो! म्हणून हा दर बघायचाच असेल तर सोबत श्रमशक्ती सहभाग दर बघा, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून कामाच्या वयातल्या एकूण लोकांच्या किती टक्के आहेत ते. भारतातल्या पीएलएफएस म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या सरकारी सर्व्हेमध्ये तर वर्षभराची नेहमीची स्थिती आणि मागच्या सात दिवसांची स्थिती अशी दोन मापं आहेत, दोन्हींचे दर वेगळे येतात, आणि जानेवारी २०२५ पासून सर्व्हेची पद्धत बदलून महिन्याचे आकडे यायला लागलेत, त्यामुळे कुठला आकडा कुठल्या मापाने काढलाय हे न बघता जुन्या-नव्याची तुलना करणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवू नका.

त्यापेक्षा माणसांची ये-जा बघा. अमेरिकेत डिसेंबर २००० पासून जोल्ट्स नावाचा मासिक सर्व्हे आहे, त्यात रिकाम्या जागा, झालेली भरती, स्वतःहून सोडलेल्या नोकऱ्या आणि काढून टाकलेली माणसं असं सगळं वेगवेगळं मोजतात, आणि मला यातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो तो स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचा. लोक दुसरीकडे काहीतरी हातात असल्याशिवाय सहसा राजीनामा देत नाहीत, त्यामुळे राजीनामे वाढले की समजायचं बाहेर जागा हलतायत, बदल करायचा असेल तर आत्ता करा. उलट कधीकधी असं होतं की कपात फारशी नसते पण भरती पण थंड पडलेली असते. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत हेच दिसत होतं, जे आत आहेत ते टिकून आणि जे दारात आहेत ते दारातच. अशा वेळी बेरोजगारीचा दर अगदी ठीकठाक दिसतो आणि फ्रेशर मात्र महिनोन्महिने घरी बसतो, आणि घरचे म्हणतात तूच काही करत नाहीस. त्या पोराची चूक नसते हो! पीटर डायमंड, डेल मॉर्टेनसन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस या तिघांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर, की रिकाम्या जागा आणि रिकामे लोक एकाच वेळी शेजारी शेजारी असू शकतात, कारण एकमेकांना शोधायला आणि जुळायला वेळ लागतो, खर्च लागतो. हे घरच्यांना सांगा.

आता "सगळ्यात वेगाने वाढणारी टॉप टेन करिअर्स" या प्रकाराबद्दल. अशा याद्या दर वर्षी येतात आणि त्या बहुतेक वेळा खऱ्याच आकड्यांवर असतात, म्हणूनच त्या जास्त फसवतात. अमेरिकेचं कामगार आकडेवारी खातं, बीएलएस, दर वर्षी पुढच्या दहा वर्षांचा अंदाज काढतं. त्यांच्या २०२३ ते २०३३ च्या अंदाजात पवनचक्क्यांची देखभाल करणारे टेक्निशियन ६० टक्क्यांनी वाढणार होते, यादीत एकदम वर. पण मुळात हे लोक होते ११ हजार ४०० च्या आसपास, म्हणजे अख्ख्या देशात दहा वर्षांत वाढणार ७ हजारांपेक्षा कमी जागा. त्याच अंदाजात घरी जाऊन आजारी आणि वयस्कर माणसांची देखभाल करणाऱ्यांची वाढ होती २१ टक्के, टक्का निम्म्याहून कमी, पण माणसं मुळातच ४० लाखांच्या घरात, म्हणजे नव्या जागा ८ लाख २० हजार. टक्का बघितला की मूळ संख्या बघायचीच, हा नियम करून टाका. टक्केवारी एकटी दिली असेल तर ती यादी बाजूला ठेवा.

पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती कोणी सांगतच नाही. बहुतेक जागा वाढीमुळे निघत नाहीत. त्या निघतात कोणीतरी निघून गेल्यामुळे, कोणी रिटायर झालं, कोणी घरच्या कारणाने काम सोडलं, कोणी दुसऱ्याच क्षेत्रात गेलं. बीएलएसच्या तक्त्यांत हे वेगळं दाखवतात: वाढीमुळे किती जागा, कामाच्या बाजारातूनच बाहेर पडणाऱ्यांमुळे किती, आणि दुसऱ्या कामाकडे वळणाऱ्यांमुळे किती. म्हणून आकसत चाललेल्या व्यवसायात सुद्धा दर वर्षी ढिगाने भरती चालू असते. कॅशियरचंच घ्या, त्याच अंदाजात कॅशियरची संख्या दहा वर्षांत ११ टक्क्यांनी घटणार होती आणि तरी दर वर्षी पाच लाखांहून जास्त जागा निघणार होत्या. आता हे वाचून लगेच खूश व्हायचं कारण नाही, कारण इतके लोक सोडून जातात म्हणजे ते का जातायत हेही विचारायला हवं. जाणारे बहुतांशी रिटायर होत असतील तर ते काम लोकांनी आयुष्यभर टिकवलंय असा अर्थ निघतो, तिथे अनुभवी माणूस निघून जातोय आणि त्याची जागा घ्यायला कोणीतरी हवंय. आणि जाणारे बहुतांशी दुसऱ्या कामाकडे पळत असतील तर तिथे पगार कमी असेल, पाळ्या त्रासाच्या असतील, वर जायला वाट नसेल, किंवा फक्त ते काम तरुणपणी थोडे दिवस करायचं असेल. तुमच्या देशात असा तक्ता मिळत नसेल तरी एक गोष्ट नक्की बघता येते, त्या व्यवसायातल्या लोकांचं वय. ज्या कामात पन्नाशीच्या पुढचे खूप आणि तिशीच्या आतले थोडे, तिथे पुढच्या दहा वर्षांत जागा रिकाम्या होणारच, भले त्या व्यवसायाबद्दल एकही रील तुम्हाला दिसलं नसेल.

आता वेळेचं. आजचा आकडा आजचा असतो आणि तुम्ही तिथे पोचणार तीन-चार वर्षांनी. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इंजिनिअर लोकांचा अभ्यास करून दाखवलं की पगार वर गेले की मुलं धडाधड इंजिनिअरिंगला जातात, चार वर्षांनी सगळी एकदम बाहेर पडतात, जागा तेवढ्याच, सुरुवातीचे पगार पडतात, मग पुढची मुलं तिकडे जायची थांबतात, मग चार वर्षांनी टंचाई आणि पगार परत वर. हे चक्र आहे आणि त्यात कोणीही मूर्खपणा करत नसतं, प्रत्येक जण आजचा खरा आकडा बघून शहाण्यासारखाच निर्णय घेत असतो, फक्त तोच आकडा तेव्हाच बाकीचे सगळेही बघत असतात. म्हणून मला एखाद्या कोर्सबद्दल विचारलं की मी पगाराच्या आधी विचारते, सध्या त्या कोर्सला किती मुलं बसली आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी किती होती? हा आकडा विद्यापीठांच्या आणि शिक्षण खात्यांच्या वार्षिक अहवालांत असतो, कोणी फारसं उघडत नाही, पण तुमच्या बरोबर बाहेर पडणारी गर्दी केवढी असेल ते सांगणारा तोच एक आहे. दोन-तीन वर्षांत ही मुलांची संख्या दुप्पट झाली असेल तर थांबून विचार करा. जाऊ नका असं नाही म्हणत मी, तुम्हाला त्या कामाची खरी ओढ असेल तर नक्की जा, पण मग गर्दीतही वेगळं दिसेल असं काहीतरी जोडून घ्या, एखादं शेजारचं क्षेत्र, एखादी भाषा, प्रत्यक्ष हाताने केलेलं काम.

आणि ज्यांचं नशीब असं की बरोब्बर मंदीतच डिग्री हातात आली, त्यांच्यासाठी पण यात माहिती आहे. कॅनडातल्या पदवीधरांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मंदीत बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई साधारण ९ टक्क्यांनी कमी निघाली, आणि ही तूट भरून यायला जवळपास दहा वर्षं लागली. दहा वर्षं ऐकून पोटात गोळा येतो मान्य आहे, पण त्यातलाच दुसरा भाग वाचा, ज्यांची तूट लवकर भरली त्यांची भरली ती चांगल्या कंपन्यांकडे सरकत गेल्यामुळे. म्हणजे मंदीत मिळालेली पहिली नोकरी घ्या, पण तीच आपली लायकी असं मनात धरून तिथे रुतू नका, बाजार हलायला लागला (ते वर सांगितलेले राजीनामे वाढले) की तुम्ही पण हला.

पगाराचे आकडे. सरासरी दिसली की मी पुढे वाचतच नाही, मला मध्यक पाहिजे, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोब्बर मधल्या माणसाचा पगार. दोघा-तिघांचे प्रचंड पगार सरासरीला वर ओढून नेतात, मधल्या माणसाला ते हलवू शकत नाहीत. चांगल्या सरकारी तक्त्यांत मध्यकाबरोबर १०, २५, ७५ आणि ९० टक्क्यांच्या रेघा पण देतात, म्हणजे तितके टक्के लोक त्या रेघेपेक्षा कमी कमावतात. नवीन माणसाने खालच्या दोन रेघा बघायच्या, आपण सुरुवात तिथेच कुठेतरी करणार. आणि खालची रेघ ते वरची रेघ यातलं अंतर बघायचं, अंतर कमी असेल तर वीस वर्षांनी सुद्धा पगार फार वर जाणार नाही, अंतर खूप असेल तर वर जायला जागा आहे पण तिथे सगळे पोचत नाहीत. अजून एक, कंपन्यांकडून गोळा केलेल्या पगाराच्या सर्व्हेत स्वतःचा धंदा करणारे सहसा नसतात, अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मोठ्या सर्व्हेत तर नाहीतच, त्यामुळे ज्या कामात निम्मे लोक फ्रीलान्स करतात तिथे तो तक्ता अर्धीच गोष्ट सांगतो. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या प्लेसमेंटच्या आकड्यांबाबत एकच प्रश्न पुरतो, हे किती जणांपैकी? बॅचमध्ये किती होते, किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव दिलं, किती जणांना नोकरी लागली आणि किती जणांचा पगार या आकड्यात धरलाय. चारही आकडे देणारं कॉलेज भेटलं तर त्याचा आदर करा.

आता ज्या भागासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली तिथे येते, कारण नोकरी गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त आधार इथून मिळतो. आपण स्वतःला हुद्द्याने ओळखतो आणि हुद्दा गेला की वाटतं सगळंच गेलं. पण कामाची माहिती गोळा करणाऱ्यांनी हुद्दे कधीच बाजूला ठेवलेत, ते काम मोजतात. आयएलओचं इस्को-०८ नावाचं वर्गीकरण आहे, त्यात जगातली सगळी कामं १० मोठ्या गटांत आणि शेवटी ४३६ बारीक गटांत बसवलेली आहेत, भारताचं एनसीओ २०१५ त्याच्याशीच जुळवून केलंय. एकाच कामाला एक कंपनी एक्झिक्युटिव्ह म्हणते, दुसरी असोसिएट, तिसरी स्पेशालिस्ट, पण कोड एकच. आपला कोड शोधून काढला की पगार, वय, अंदाज सगळे तक्ते त्या कोडने उघडतात, आणि जाहिराती शोधताना पण पाच-सहा वेगवेगळी नावं हाताशी येतात.

मग ओ-नेट उघडा. अमेरिकेच्या कामगार खात्याची ही साइट आहे, १९९८ पासून आहे, पूर्वी व्यवसायांचा एक जाडजूड सरकारी कोश असायचा त्याच्या जागी ही आली, आणि जगात कुठेही बसून फुकट वापरता येते. नऊशेच्या वर व्यवसाय आहेत, प्रत्येकात रोज नेमकं काय करावं लागतं, कुठली कौशल्यं किती लागतात, कुठली साधनं वापरतात, उभं राहावं लागतं की बसून असतं, चुकलं तर परिणाम किती गंभीर, हे सगळं त्या कामातल्या लोकांना आणि जाणकारांना विचारून लिहिलेलं आहे. पगार अमेरिकेचे आहेत ते सोडून द्या, पण वेल्डिंग हे वेल्डिंगच असतं आणि हिशेब तपासणं हे हिशेब तपासणंच. युरोपियन युनियनचं एस्को पण असंच, त्यात तीन हजारच्या आसपास व्यवसाय आणि तेरा हजारांहून जास्त कौशल्यं एकमेकांना जोडून ठेवलीत. माझं म्हणणं असं की नोकरी गेली असेल तर रिझ्युमे उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि मागच्या वर्षभरात तुम्ही प्रत्यक्ष काय काय केलं ते क्रियापदांत लिहा: तपासलं, जुळवलं, समजावलं, दुरुस्त केलं, वेळापत्रक लावलं, चिडलेल्या माणसाला शांत केलं. मग ओ-नेटवर आपला व्यवसाय उघडून शेजारचे व्यवसाय दाखवलेले असतात ते एकेक वाचा आणि तुमच्या कागदावरच्या गोष्टी कुठे कुठे जुळतात ते बघा. कारखान्यात क्वालिटी तपासणारा माणूस औषधांच्या लॅबमध्ये, कॅलिब्रेशनमध्ये, सेफ्टी ऑडिटमध्ये जाऊ शकतो, कारण मोजणं, नोंद ठेवणं आणि नियमाला धरून नाही म्हणणं हे तिन्हीकडे आहे. शाळेत शिकवलेला माणूस कंपनीतल्या ट्रेनिंगमध्ये जाऊ शकतो. मधे जो काही थोडा भाग जुळत नाही तेवढंच शिकायचं असतं, अख्खा नवा कोर्स लागत नाही, आणि हे कळलं की माणसाचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय.

मशीन आपलं काम खाणार का, हा प्रश्नही इथेच सुटतो, म्हणजे जितका सुटेल तितका. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबोर्न या संशोधकांनी म्हटलं अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना ऑटोमेशनचा मोठा धोका आहे, ते जगभर गाजलं. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी केलेल्या अभ्यासात आकडा आला ९ टक्के! फरक कुठून आला तर पहिल्यांनी अख्खा व्यवसाय एक धरला, दुसऱ्यांनी एकेका माणसाच्या दिवसात किती वेगवेगळी कामं असतात ते पाहिलं. २०१६ मध्येच जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआयमधला दिग्गज माणूस म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं रेडिओलॉजिस्ट कमीच पडत होते. तेव्हा "अमुक करिअर संपलं" असं कोणी म्हटलं की त्या कामाची यादी काढा आणि एकेका ओळीपुढे विचारा, हे मशीन करेल का, आणि केलं तर जबाबदारीची सही कोण करेल. धोका खरा आहे, मी तो कमी लेखत नाही, पण तो ओळीओळीने येतो आणि तुम्ही कुठल्या ओळींकडे सरकायचं ते त्यातून दिसतं.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. ऑनलाइन जाहिराती ही ताजी माहिती आहे पण एकांगी आहे, ऑफिसातली आणि डिग्रीवाली कामं तिथे जास्त दिसतात, हाताची कामं आणि छोट्या मालकांकडची कामं कमी, एकच जागा चार साइटवर चारदा, आणि एका जाहिरातीमागे कधी पन्नास जागा असतात तर कधी एकही नसते, नुसते रिझ्युमे गोळा करून ठेवतात. त्यामुळे जाहिराती मोजू नका, वाचा. एकाच कामाच्या तीस-चाळीस जाहिराती एका बैठकीत वाचा आणि प्रत्येकीत काय मागितलंय त्याच्या खुणा करा. जे जवळपास सगळीकडे येतं ते नसेल तर आधी ते शिका, जे चार-पाच ठिकाणीच आहे ते त्या कंपन्यांचं वैयक्तिक आहे, त्याच्यासाठी कोर्स लावू नका. तीच जाहिरात दर महिन्याला परत दिसत असेल तर एकतर पगार कमी आहे नाहीतर तिथे माणूस टिकत नाही. आणि "आवश्यक" म्हणून लिहिलेलं सगळं खरंच आवश्यक असतं असं नाही, त्या कामात आत्ता असलेल्या लोकांचं शिक्षण सर्व्हेत बघा, बऱ्याचदा ते जाहिरातीपेक्षा कमी निघतं, विशेषतः मुली यादीतलं एक जरी नसलं तरी अर्ज करत नाहीत असं मी वारंवार बघते आणि मला फार वाईट वाटतं, करा गं अर्ज!

ठिकाण पण बघायचं असतं. देशाचा आकडा चांगला आणि तुमच्या भागात काहीच नाही, किंवा उलट, हे सर्रास असतं. कॅनडाची जॉब बँक ही सरकारी साइट यात मला फार आवडते, तिथे प्रत्येक व्यवसायाला प्रत्येक प्रदेशासाठी पुढच्या तीन वर्षांचा शेरा असतो, अगदी मर्यादित पासून खूप चांगला पर्यंत. असं काही तुमच्याकडे नसेल तर एक साधा भागाकार करा, तुमच्या भागात दर हजार नोकऱ्यांत त्या कामाच्या किती आणि अख्ख्या देशात दर हजारांत किती. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर एकाच्या खूप वर आलं तर ते काम तिथे गोळा झालेलं आहे, म्हणजे एक नोकरी गेली तर चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी मिळू शकते. पण सगळं एकाच उद्योगावर उभं असेल तर तो बसला की सगळे एकदम बसतात, म्हणून त्या कामाचे मालक किती वेगवेगळ्या उद्योगांतले आहेत हेही बघून ठेवा, हिशेब सांभाळणारा माणूस सगळ्यांनाच लागतो, एखाद्या खास मशीनचा ऑपरेटर एकाच उद्योगाला.

आणि आकडे संपतात तिथे माणसं लागतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास बोस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ज्याने सांगितलं त्याला तुम्ही तेव्हा किती भेटायचात. फक्त १६.७ टक्के म्हणाले वरचेवर, ५५.६ टक्के अधूनमधून, २७.८ टक्के क्वचित. सर्व्हे छोटा होता, पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवरचे प्रयोग 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात आले त्यातही हेच निघालं, अगदी जवळच्यांपेक्षा थोड्या लांबच्या ओळखींतून नोकऱ्या जास्त लागतात. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. म्हणून जुना सहकारी, लांबचा सीनियर, एकदाच भेटलेला कोणी, यांना मेसेज करायला लाजू नका, आणि नोकरी मागू नका, वीस मिनिटं मागा. लोक देतात, स्वतःच्या कामाबद्दल बोलायला बहुतेकांना आवडतं.

त्या वीस मिनिटांत जे कुठल्याही साइटवर नाही तेच विचारा. तुमच्या टीममध्ये शेवटचा माणूस घेतला तो कुठून आला, जाहिरातीतून की ओळखीने की आतूनच? त्याच्या आधी त्या जागेवर जो होता तो कुठे गेला? नवीन माणूस पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडखळतो? पाच वर्षांपूर्वी तुम्ही रोज करायचात आणि आता करत नाही असं काय आहे, आणि आता करता पण तेव्हा नव्हतं असं काय? वर्षात भरती कुठल्या महिन्यांत होते, बजेट कधी उघडतं? आणि शेवटी हे नक्की विचारा, याबद्दल मी अजून कोणाशी बोलू, तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?